समजून घ्या : विहिरीतून माणूस वर काढण्याचे शास्त्र काय? दोर, कप्पी आणि सरावाचा हिशेब

चारठाणा (ता. जिंतूर, जि. परभणी) : येथील गोकुळेश्वर मंदिराजवळच्या बारवेत उतरायला दोर लागत नाही. शेकडो वर्षांपूर्वी ती बांधणाऱ्यांनी पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या दिल्या. पाय घसरला तर पडणारा पायरीवर अडतो आणि मदतीला जाणारा चालत खाली जातो. शिवारातल्या शेतविहिरींचे तसे नाही. चाळीस-पन्नास फूट सरळ खाली गेलेल्या कडा, अनेक ठिकाणी कठडा नाही, तळाशी गाळ किंवा पाणी. तिथे माणूस पडला किंवा बेशुद्ध झाला, की त्याला वर आणायला दोराशिवाय मार्ग उरत नाही.

दोर तर प्रत्येक शेतात असतो. तरीही विहिरीत अडकलेल्याला काढताना काढणाराच जीव गमावतो, असे का होते? अग्निशमन दलातील जवानांना दिले जाणारे ‘रोप रेस्क्यू’चे प्रशिक्षण म्हणजे नेमके काय? त्यात कोणती साधने लागतात आणि दल पोहोचेपर्यंत गावाने काय करायचे?

मराठवाड्यासाठी हा प्रश्न का महत्त्वाचा?

गेल्या काही वर्षांतील घटना पाहिल्या तरी उत्तर मिळते. ११ मे २०२३ रोजी परभणी जिल्ह्यातच, सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा येथे शौचालयाचा हौद साफ करताना पाच मजुरांचा मृत्यू झाला. १८ जुलै २०२४ रोजी पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांची गाडी जालना-राजूर मार्गावर तुपेवाडीजवळ रस्त्याकडेच्या विहिरीत कोसळली. सात जण दगावले. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड तालुक्यातील आलेगाव शिवारात शेतमजुरांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर विहिरीत पडला आणि हिंगोली जिल्ह्यातील गुंज गावच्या सात महिलांचा जीव गेला.

या घटनांत दोन वेगळे प्रकार आहेत. तुपेवाडी आणि आलेगाव येथे पाण्यात बुडण्याचा धोका होता. भाऊचा तांडा येथे विषारी वायूने घात केला. दोन्ही ठिकाणी बचावाची अडचण मात्र एकच असते : खोल, अरुंद, उभ्या कडेची जागा आणि तिथून माणसाला उचलून वर आणणे. आग विझवण्याच्या प्रशिक्षणात हे आपोआप येत नाही. त्यासाठी वेगळी साधने आणि वेगळा सराव लागतो.

नगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यातील वाकडी गावची घटना याबाबत सर्वांत जास्त शिकवणारी आहे. ९ एप्रिल २०२४ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, शेणाची रबडी साठवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या विहिरीत एक मांजर पडले. त्याला काढायला एक जण उतरला, तो वर आला नाही. त्याला वाचवायला दुसरा, मग तिसरा. अशा रीतीने पाच जणांचा मृत्यू झाला. सहावा माणूसही खाली गेला होता, पण त्याच्या कंबरेला दोर होता. त्याला ओढून बाहेर काढता आले आणि तो वाचला.

विहीर तीच होती आणि त्यातला वायूही तोच. फरक फक्त दोराचा होता, आणि त्या दोराचे दुसरे टोक वर उभ्या असलेल्यांच्या हातात होते.

एकामागून एक माणसे का दगावतात?

हवेत साधारण २०.९ टक्के प्राणवायू असतो. तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की जागा कामासाठी असुरक्षित मानली जाते. १० टक्क्यांच्या आसपास माणूस बेशुद्ध पडू शकतो आणि ६ टक्क्यांच्या खाली काही श्वासांतच कोसळतो. विशेष म्हणजे प्राणवायू कमी पडल्याची जाणीव शरीराला वेळेवर होत नाही. गुदमरल्यासारखे वाटण्याआधीच पायातले बळ जाते.

शेण, गाळ, पालापाचोळा किंवा मैला कुजताना कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतात. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड, म्हणून तो तळाशी साचतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण त्या वासावर विसंबणे घातक आहे. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे १०० भाग झाले, की काही मिनिटांत नाक बधिर होते आणि वास येणेच बंद होते. माणसाला वाटते, वायू निघून गेला. प्रमाण पाचशे ते हजारांपर्यंत गेले तर काही क्षणांत शुद्ध हरपते.

जुनी माणसे विहिरीत आधी पेटता कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर उतरायचे नाही, हा नियम आजही बरोबर आहे. मात्र कंदील विझला नाही म्हणून विहीर सुरक्षित, असे म्हणता येत नाही. हायड्रोजन सल्फाइड ज्या प्रमाणात माणसाला मारतो, त्या प्रमाणात ज्योतीवर परिणाम होत नाही. शिवाय हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असेल तर तोच कंदील स्फोटाला कारण ठरतो. विहिरीत डिझेल इंजिन उतरवून पाणी उपसले असेल तर कार्बन मोनॉक्साइडची भर पडते, त्याला तर वासही नसतो.

प्रशिक्षित माणसेही याला अपवाद नाहीत. १ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याण पूर्वेत एका विहिरीत सफाईसाठी उतरलेला कामगार आणि त्याच्यामागून गेलेले, अशा पाच जणांचा मृत्यू झाला. त्यात अग्निशमन दलाचे दोन जवान होते. म्हणून रोप रेस्क्यूच्या प्रशिक्षणात पहिला धडा गाठींचा नसतो. खाली जाण्याआधी हवा तपासायची, हा तो धडा असतो. प्राणवायू, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड मोजणारा हातात मावणारा वायुमापक दोरीला बांधून विहिरीत सोडतात आणि वर, मध्ये व तळाशी अशी तीन नोंद घेतात. हवा खराब असेल तर जवान स्वतःची हवा पाठीवर घेऊनच उतरतो. या उपकरणाला दलात ‘बीए सेट’ म्हणतात. ६ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने सुमारे १,८०० लिटर हवा मावते. कष्टाचे काम करताना मिनिटाला ४० लिटर धरली तर कागदावर ४५ मिनिटे होतात. उतरणे, रुग्णाला बांधणे, वर येणे आणि राखीव हवा हे सगळे त्यातच बसवायचे असते.

शेतातला दोर आणि बचावाचा दोर यांत फरक काय?

कासरा, सोल, नाडा हे आपले दोर ओझे बांधायला उत्तम. त्यांचे धागे वळलेले आणि उघडे असतात. दगडाच्या धारेवर घासले की वरचे धागे तुटतात, आणि तेच धागे वजन पेलत असतात. शिवाय वळलेल्या दोरावर माणूस लोंबकळला की पीळ उलगडतो आणि तो गरगर फिरू लागतो.

बचावाच्या दोराला ‘कर्नमँटल’ म्हणतात. त्यात आत सलग धाग्यांचा गाभा असतो आणि बाहेर विणलेले कवच. बहुतेक वजन गाभा पेलतो, घासणे-खरचटणे कवच सोसते. साधारण ११ मिलिमीटर जाडीचा असा दोर नवा असताना सुमारे ३ हजार किलोंचा ताण सोसू शकतो.

इतकी ताकद कशाला, माणूस तर ८० किलोंचा? कारण व्यवहारात ती झपाट्याने कमी होते. गाठ मारली की दोराची ताकद साधारण चौथाई ते तिसरा हिस्सा घटते. नायलॉन भिजला की आणखी थोडी जाते. बॅटरीतले आम्ल लागले तर दोर बाहेरून चांगला दिसतो आणि आतून कुजतो. त्यात झटका बसला तर माणसाच्या वजनाच्या कित्येक पट ताण क्षणात येतो.

या हिशेबामागे एक दुर्घटना आहे. २७ जून १९८० रोजी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये आगीत खिडकीपाशी अडकलेल्या सहकाऱ्यासाठी एका जवानाला छतावरून दोराने खाली सोडण्यात आले. त्याने सहकाऱ्याला धरले आणि दोघांच्या भाराने दोर तुटला. दोघेही गेले. त्यानंतर अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने अग्निशमन दलाच्या दोरासाठी स्वतंत्र मानक तयार केले, ते १९८५ मध्ये आले. दोन माणसे आणि त्यांची साधने मिळून २७२ किलो, त्याच्या पंधरा पट ताकद, म्हणजे सुमारे ४ हजार किलो सोसणारा दोर, असा त्यातला हिशेब होता. दोर एकटा विचारात घ्यायचा नाही, तो ज्या कडेवरून जातो ती कडही पाहायची, हा त्या घटनेचा दुसरा धडा. म्हणून आजही विहिरीच्या काठावर दोराखाली रूळ, जाड कॅनव्हास किंवा जुन्या पाइपचा तुकडा ठेवल्याशिवाय कोणाला खाली सोडत नाहीत. हाताशी काही नसेल तर घडी घातलेले पोतेही उघड्या दगडापेक्षा बरे.

दोराचे दोन प्रकारही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. गिर्यारोहक वर चढताना ताणला जाणारा ‘डायनॅमिक’ दोर वापरतात, कारण पडल्यावर तो झटका जिरवतो. बचावात मात्र फारसा न ताणला जाणारा ‘स्टॅटिक’ दोर लागतो. नाहीतर वरचे ओढत राहतात, दोर ताणत राहतो आणि खालचा माणूस जागचा हलत नाही.

कंबरेला दोर बांधला की झाले का?

वाकडीत कंबरेच्या दोराने जीव वाचवला, हे खरे. काहीच नसण्यापेक्षा तो केव्हाही चांगला. पण तो पुरेसा नाही. बेशुद्ध माणूस कंबरेवर लोंबकळला की शरीर मधोमध दुमडते, पोटावर दाब येतो, श्वास घेणे अवघड होते आणि दोर वर सरकला तर तो निसटूही शकतो.

म्हणून जवान ‘फुल बॉडी हार्नेस’ घालतात. त्याचे पट्टे दोन्ही मांड्या, कंबर, छाती आणि खांद्यांवरून जातात. वजन मांड्यांवर येते, छाती मोकळी राहते आणि दोर छातीपुढे किंवा पाठीवर अडकवलेला असल्याने माणूस शुद्धीत नसला तरी डोके वरच राहते. रुग्णासाठी वेगळा हार्नेस किंवा बचावाचा त्रिकोणी पट्टा असतो, जो बसल्या किंवा पडल्या अवस्थेत घालता येतो. मणक्याला मार लागल्याची शंका असेल तर स्ट्रेचर लागते.

साधने नसताना उपयोगी पडावी म्हणून अग्निशमन दलात ‘चेअर नॉट’ शिकवतात. एकाच दोराचे दोन फास, एक काखेखालून आणि दुसरा गुडघ्यांमागून. माणूस खुर्चीत बसल्यासारखा लटकतो. ही जुनी गाठ आजही शिकवली जाते, कारण ती फक्त दोरावर अवलंबून असते.

हार्नेसलाही मर्यादा आहे. त्यात निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायात रक्त साचते आणि काही मिनिटांत प्रकृती बिघडू शकते. त्यामुळे ‘बांधला, आता सावकाश ओढू’ असे चालत नाही. बांधण्याआधीच वर ओढण्याची यंत्रणा तयार असावी लागते.

दोन दोर कशासाठी?

प्रशिक्षित पथक विहिरीत उतरणाऱ्याला दोन दोर लावते. पहिला कामाचा, ज्यावर तो खाली-वर होतो. दुसरा सुरक्षेचा, जो वेगळ्या माणसाच्या हातात आणि वेगळ्या आधाराला बांधलेला असतो. पहिला तुटला, गाठ सुटली किंवा ओढणाऱ्याचा हात निसटला तर दुसऱ्याने लगेच पकड घ्यावी, हा हेतू. त्यासाठी दुसऱ्या दोरात ढील ठेवायची नाही. एखादा मीटर ढीलही माणसाला आणि आधाराला जोराचा झटका द्यायला पुरते.

खाली एक जण असतो तेव्हा वर किमान पाच-सहा जण कामात असतात. एक अधिकारी, जो स्वतः दोराला हात लावत नाही, फक्त पाहतो आणि हुकूम देतो. एक जण काठावर, स्वतःला बांधून, खालच्याशी बोलणारा. काही जण ओढणारे. एक सुरक्षेच्या दोरावर. आणि एक जवान पूर्ण तयारीत, पण विहिरीबाहेर थांबलेला. खालच्याला काही झाले तर जाण्यासाठी. तो तयार झाल्याशिवाय पहिला उतरत नाही.

मास्क लावल्यावर आवाज पोहोचत नाही, त्यामुळे दोराच्या झटक्यांची भाषा शिकवतात. एक झटका : मी ठीक आहे. दोन : दोर सोडा, पुढे जातो. तीन : ढील ओढून घ्या. चार : मदत हवी. विचारलेल्या झटक्याला उत्तर आले नाही, तर तोही मदतीचाच इशारा समजायचा.

कप्पीमुळे ओझे किती हलके होते?

८० किलोंच्या माणसाला सरळ ओढायचे तर किमान ८० किलोंचे बळ लागते. खाली गेलेला जवान आणि रुग्ण एकत्र वर येणार असतील तर १६० किलो. काठाशी घासण्याचे बळ वेगळे. चार माणसे हाताने ओढतील, पण एकाचा पाय घसरला तर सगळेच विहिरीकडे ओढले जातात.

म्हणून कप्प्यांची रचना करतात. सर्वांत प्रचलित रचनेत दोर इंग्रजी ‘झेड’ अक्षरासारखा फिरतो आणि तीनास एक असा फायदा मिळतो. म्हणजे ८० किलोंसाठी कागदावर सुमारे २७ किलोंचे बळ. निसर्ग फुकट काहीच देत नाही. माणूस एक मीटर वर यायला तीन मीटर दोर ओढावा लागतो. १५ मीटर खोल विहिरीसाठी ४५ मीटर.

प्रत्यक्षात घर्षण आपला वाटा घेते. प्रत्येक चांगली कप्पी ९० टक्के बळ पुढे देते असे धरले, तर तीनाऐवजी सुमारे २.७ पट फायदा मिळतो आणि ८० किलोंसाठी ३० किलोंच्या आसपास बळ लागते. पैसे वाचवायला कप्पीऐवजी नुसत्या कॅराबिनर कडीतून दोर फिरवला आणि निम्मेच बळ पुढे गेले, तर फायदा पावणेदोन पटांवर येतो आणि बळ ४६ किलोंवर जाते. साध्या दिसणाऱ्या कप्पीवर खर्च का करायचा, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

रचनेत एक पकड किंवा ‘प्रुसिक’ गाठ लावलेली असते. ओढणाऱ्यांनी हात सोडला तरी ती दोराला घट्ट आवळते आणि माणूस जागीच थांबतो.

विहीर खोदकामाची क्रेन किंवा यारी जवळ असतेच, मग तिने का ओढू नये? कारण यंत्राला जाणीव नसते. खालच्याचा पाय दगडात किंवा पाइपात अडकला तर हाताने ओढणाऱ्याला ताण वाढल्याचे कळते आणि तो थांबतो. मोटार थांबत नाही. बुडालेला ट्रॅक्टर काढायला यारी योग्य. जिवंत माणसासाठी दुसरा पर्याय नसेल तरच, आणि काठावर डोळ्यांत तेल घालून पाहणारा असेल तरच.

आपल्या विहिरींवर ट्रायपॉड का बसत नाही?

बचावाची बरीच साधने शहरी गटारांच्या मॅनहोलचा विचार करून बनलेली आहेत. तीन पायांचा ट्रायपॉड मॅनहोलच्या तोंडावर उभा करतात, मध्ये कप्पी लावतात आणि माणूस सरळ वर येतो. शेतविहिरीचे तोंड मात्र वीस-पंचवीस फूट रुंद असते. ट्रायपॉडचे पाय तिथवर पोहोचतच नाहीत. त्यामुळे आपल्याकडच्या जवानांना काठावर उंच आधार उभा करून त्याला मागून ताणदोर देण्याची पद्धत शिकावी लागते. कप्पी काठापेक्षा उंच असेल तरच रुग्णाला कडेवर न घासता आत घेता येते.

मग प्रश्न येतो तो आधाराचा, म्हणजे ‘अँकर’चा. विहिरीजवळ जिवंत, जाड बुंध्याचे लिंबाचे किंवा बाभळीचे झाड असेल तर उत्तम, दोर बुंध्याशी अगदी खाली बांधायचा. ट्रॅक्टर चालतो, पण तो काठापासून दूर, इंजिन बंद, गिअरमध्ये, ब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले आणि किल्ली अधिकाऱ्याच्या खिशात. विजेच्या मोटारीचे खोके, कुंपणाचे खांब, सुकलेली खोडे हे आधार नव्हेत. लोखंडी पहारी एकामागे एक ठोकून आधार करता येतो, मात्र काळ्या मातीत सावध राहावे लागते. पावसाळ्यात ती लोण्यासारखी सैल असते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात.

दोन आधारांवर भार वाटला की तो निम्मा-निम्मा होतो, हाही गैरसमज आहे. दोन दोरांमधला कोन ६० अंशांचा असेल तर प्रत्येकावर भाराच्या ५८ टक्के ताण येतो. ९० अंशांना ७१ टक्के. १२० अंशांना प्रत्येक दोरावर पूर्ण १०० टक्के, आणि १५० अंशांना जवळपास दुप्पट. दोन झाडांच्या मध्ये आडवा दोर घट्ट ताणून त्याला मधोमध माणूस लटकवण्याची कल्पना म्हणूनच धोकादायक ठरते.

प्रशिक्षण कुठे मिळते आणि अडचण कुठे आहे?

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूर येथे सुरू झाले आणि १९५७ पासून ते नागपुरात आहे. देशभरातील अग्निशमन अधिकारी तिथे तयार होतात. राज्याचे अग्निशमन प्रशिक्षण केंद्र मुंबईत सांताक्रूझच्या विद्यानगरी परिसरात आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी पुण्याजवळ, तर राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूर येथे आहेत. सह्याद्रीत गिर्यारोहकांच्या स्वयंसेवी पथकांनीही मोठे काम उभे केले आहे. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली, तेव्हा दरीतून मृतदेह दोराने वर आणण्यात महाबळेश्वरच्या ट्रेकर्सचा मोठा वाटा होता.

मराठवाड्याच्या सपाट भागात असे गिर्यारोहक गावोगाव नाहीत. पुणे, धुळे किंवा नागपूरहून जिंतूर तालुका गाठायला अनेक तास लागतात. अग्निशमन सेवा प्रामुख्याने नगरपालिका आणि महानगरपालिकांकडे असल्याने चारठाण्यासारख्या ग्रामपंचायतीच्या गावाला मदत यायची ती जिंतूर किंवा परभणीहून. प्राणवायू तुटल्यावर मेंदूला इजा व्हायला चार ते सहा मिनिटे पुरतात. विषारी वायूच्या घटनेत कोणतेही दल या वेळेत दूरच्या शिवारात पोहोचू शकत नाही. पण बाकीच्या अनेक घटनांत, म्हणजे पाण्यात पाइप धरून राहिलेला, पाय मोडून तळाशी पडलेला किंवा ढासळलेल्या कडेवर अडकलेला माणूस तासभर तग धरतो. तिथे जवळच्या दलाला दोराचे काम येते की नाही, यावरच त्याचे जगणे ठरते.

हे काम एकदा शिकून भागत नाही. आठवड्याच्या वर्गात आठ-दहा गाठी येतात, सहा महिने हात लागला नाही की निम्म्या विसरतात. म्हणून चांगल्या प्रशिक्षणात हातमोजे घालून, डोळे मिटून, दोर पाठीमागे धरून गाठी मारायला लावतात. रात्री, पावसात, मास्क लावून तेच काम पुन्हा करून घेतात. प्रत्येक दोराची नोंदवही ठेवतात : खरेदी कधी, वापर किती वेळा, झटका बसला का, धुतला कधी. जोराचा झटका बसलेला दोर दिसायला कितीही नवा असला तरी माणसासाठी पुन्हा वापरत नाहीत. तो ओझी बांधायला जातो.

दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीतील ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या स्फोटात प्राण गमावलेल्या ६६ अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ तो पाळतात. शाळा-कार्यालयांत आग विझवण्याची प्रात्यक्षिके होतात. विहिरींचे पाणी खाली गेलेले असते आणि गाळ काढण्याची कामे सुरू असतात, असे हेच दिवस. सप्ताहातले एक प्रात्यक्षिक एखाद्या गावच्या शेतविहिरीवर घेतले, तर जवानांचा खऱ्या जागी सराव होईल आणि गावालाही काय करायचे ते दिसेल.

दल येईपर्यंत गावाने काय करावे?

सर्वांत आधी, कोणीही खाली उतरू नये. आत आपला माणूस दिसत असताना काठावर थांबणे फार कठीण असते, आणि नेमक्या त्याच क्षणी दुसरा बळी जातो. जुनी बंद विहीर, शेणाची रबडी, शौचालयाचा हौद, गाळ ढवळलेली किंवा इंजिन चाललेली विहीर असेल, तर वायू आहे असेच धरून चालावे. तोंडाला ओला रुमाल बांधल्याने या वायूंपासून काहीही संरक्षण मिळत नाही. रुग्णालयातला प्राणवायूचा सिलिंडर आत मोकळा सोडू नये, त्याने आगीचा धोका वाढतो. पंखा किंवा ब्लोअरने बाहेरची ताजी हवा आत सोडता आली तर सोडावी.

एकाने लगेच ११२ किंवा १०१ वर फोन करावा आणि पाच गोष्टी सांगाव्यात : किती माणसे आत आहेत, ती बोलतात का, विहीर किती खोल आणि तोंड किती रुंद, पाणी किती, वास येतो का. या माहितीवर दल कोणती साधने गाडीत टाकायची ते ठरवते. दुसऱ्याने विहिरीतल्या मोटारीचा वीजपुरवठा तोडावा. तिसऱ्याने गर्दी काठापासून किमान दहा फूट मागे हटवावी. काठाची माती ढासळली तर ती खालच्याच्या डोक्यावर पडते. एकाने रस्त्यावर उभे राहून गाडीला शेताची वाट दाखवावी.

पाण्यात पडलेल्याकडे दोर बांधलेली ट्यूब, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन किंवा बाज सोडावी. तो शुद्धीत असेल तर दोराचा फास काखेखालून घ्यायला सांगावे. घाईने ओढण्यापेक्षा त्याला पाण्यावर धरून ठेवणे जास्त सुरक्षित असते.

आणि ज्यांना कामासाठी विहिरीत उतरावेच लागते, त्यांच्यासाठी नियम त्याहून सोपा. गाळ काढायचा असो, मोटार बसवायची असो किंवा फूटव्हॉल्व्ह पाहायचा असो, खाली जाण्याआधीच दोर अंगाला बांधायचा आणि वर किमान दोन माणसे तो धरून उभी ठेवायची. शौचालयाच्या हौदात तर संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदीच आहे. बेशुद्ध माणसाला खाली जाऊन दोर बांधणे हे प्रशिक्षित पथकाचे, बीए सेटचे आणि बराच वेळ खाणारे काम आहे. आधीच दोर बांधलेल्या माणसाला मात्र वर उभी असलेली दोन माणसे, काठावरून पाऊल न हलवता, ओढून काढू शकतात.